पिसं खोटी, बंदुका खोट्या, जॅझ तेवढा खरा

आमच्या इकडे मध्य इलिनॉयमध्ये एका गावात छोटंसं इतिहासाचं म्युझियम आहे आणि पैसे जमवायला ते लोक दरवर्षी एक 'प्रोहिबिशन नाइट' करतात, म्हणजे १९२० ते १९३३ अमेरिकेत देशभर जी दारूबंदी होती त्या काळाची पार्टी. दारात पासवर्ड सांगायचा, आत सगळे १९२० च्या दशकातल्या कपड्यांत, बायकांच्या डोक्याला पिसं, पुरुषांच्या हातात त्या काळच्या गुंडांसारख्या प्लास्टिकच्या टॉमी गन, मधेच खोटे पोलीस शिट्ट्या मारत येऊन खोटी धाड घालतात, आणि कोपऱ्यात सात-आठ जणांचा बँड लाइव्ह जॅझ वाजवत असतो. यंदा त्यावरून गावात वाद पेटला आणि गावातून तो आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला (कॅटरपिलर कंपनीच्या कृपेने पियोरियाच्या पंचक्रोशीत पुण्या-पिंपरीची इतकी माणसं आहेत की इथला कुठलाही वाद लगेच मराठीत सुरू होतो). एक पार्टी म्हणते की म्युझियमचा गुत्ता करून टाकला, गुंडांचं उदात्तीकरण चाललंय, पोरांना काय शिकवणार. दुसरी पार्टी म्हणते, अहो जरा चिल करा, छप्पर गळतंय त्यांचं, चार पैसे येतायत तर येऊ द्या. दोन्हीकडून नुसते इमोजी फेकले जातायत. आणि गंमत बघा, या सगळ्या भांडणात बँडबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. एका पार्टीला तो गोंगाट वाटतो, दुसरीला 'माहोल'.

माझं मत आधीच सांगून टाकते. संध्याकाळ जरूर करा, आणि लाइव्ह जॅझ तर ठेवाच ठेवा, कारण त्या अख्ख्या हॉलमध्ये खरी गोष्ट तेवढी एकच असते. पिसं ऑनलाइन मागवलेली, बंदुका पार्टीच्या दुकानातल्या, पोलीस म्हणजे ट्रस्टींचे जावई. पण कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच वाद्य) उभा राहून शिकागोच्या किंग ऑलिव्हरच्या बँडची एखादी चाल वाजवायला लागतो तेव्हा ती शंभर वर्षांपूर्वीची चीज तुमच्या डोळ्यांदेखत परत घडत असते, असं त्या म्युझियममधल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल म्हणता येत नाही. आता खरी वस्तू आहे तर तिला खऱ्या वस्तूसारखं वागवा ना. तिथे काचेच्या कपाटात एक गंजका नांगराचा फाळ ठेवलाय, त्याच्याखालीसुद्धा चिठ्ठी आहे, कोणाच्या शेतातला, कुठल्या साली मिळाला, कोणी दिला. आणि बँड तीन तास जे वाजवतो त्याच्याखाली काय लिहिलेलं असतं? काही नाही. कोणाची चाल, कुठून आली, ज्याने रचली त्याला या गावात रात्री थांबता आलं असतं का, काही नाही. वाद घालायचाच आहे तर यावर घाला.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेऊ, आणि तो खरंच जोरदार आहे. दारूबंदी ही काही चार खडूस म्हाताऱ्यांच्या डोक्यातून निघालेली टूम नव्हती. १८७४ मध्ये क्लीव्हलँडला बायकांची दारूबंदी संघटना उभी राहिली तेव्हा तिच्यातल्या बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, तो मिळायला १९२० उजाडलं. नवरा पगाराच्या दिवशी गुत्त्यातून घरी येईपर्यंत पगार संपलेला, घरात मारहाण, पोरं उपाशी, आणि बाईच्या हातात ना पैसा ना कायदा. अशा बायकांनी गुत्त्यांच्या दारात बसून प्रार्थना केल्या, हे हसण्यासारखं आहे का? आपल्याला तर हे समजायला पुस्तकं वाचायची गरजच नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्या मागे कसली घरं होती ते ज्याने बघितलंय त्याला इथल्या त्या बायका परक्या वाटणार नाहीत. पंडिता रमाबाईंना तर त्या मुळीच परक्या वाटल्या नव्हत्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या, पुढे दोन-अडीच वर्षं अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या, दारूबंदी संघटनेच्या फ्रान्सिस विलर्डबाईंशी त्यांचा चांगला स्नेह जमला, आणि परत गेल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत जे पुस्तक लिहिलं त्यात या बायकांच्या कामाबद्दल भरभरून लिहिलं. विलर्डबाईंचं घर आमच्याच राज्यात, इव्हान्स्टनला आहे, तेही आज म्युझियमच आहे.

आणि आमच्या प्रोहिबिशन नाइटला या सगळ्याचं काय होतं? एक नटी हातात कुऱ्हाड घेऊन 'कॅरी नेशन' बनून फिरते, लोकांच्या ग्लासांवर ओरडते, लोक हसतात, तिच्याबरोबर सेल्फी काढतात. कॅरी नेशनचा पहिला नवरा डॉक्टर होता, दारूपायी गेला, तान्ही पोर पदरात टाकून. कॅन्ससमध्ये तिने जे गुत्ते फोडले ते मुळात बेकायदाच होते कारण त्या राज्यात १८८० च्या दशकापासून दारूबंदी होती आणि पोलीस हप्ते खाऊन गप्प बसले होते. म्हणजे जो कायदा सरकार पाळत नव्हतं तो तिने कुऱ्हाडीने पाळायला लावला. आणि कहर म्हणजे ही बाई वारली १९११ मध्ये! देशभराची दारूबंदी सुरू झाली १७ जानेवारी १९२० ला. नऊ वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला पार्टीत नाचवायचं आणि वर स्वतःला इतिहासाचं म्युझियम म्हणवायचं. इथे विरोधकांशी मी शंभर टक्के सहमत आहे, तो प्रकार बंद करा.

पण यावरून ते जो निष्कर्ष काढतात, की संध्याकाळच बंद करा, तो मला पटत नाही. म्युझियममध्ये बार असला की इतिहास बाटतो असं काही नसतं. लास व्हेगासला माफियांच्या इतिहासाचं मोठं म्युझियम आहे, जुन्या फेडरल कोर्टाच्या इमारतीत, तिथे १९५० मध्ये संघटित गुन्हेगारीवरची सिनेटची सुनावणी झाली होती, त्याच इमारतीच्या तळघरात आज स्पीकईझी, म्हणजे दारूबंदीतल्या चोरट्या अड्ड्यासारखा बार आहे आणि स्वतःची डिस्टिलरीसुद्धा. जॉर्जियात सॅव्हॅनाला दारूबंदीचंच म्युझियम आहे, आत बार चालू. ही दोन्ही ठिकाणं चाललीयत छान. दारू दिली जाते यापेक्षा दारूबद्दल काय सांगितलं जातं ते बघा. आमच्या इथल्या मेनूवर 'बाथटब जिन' नावाचं कॉकटेल असतं, लिंबाची चकती लावून, मस्त लांब ग्लासात. आता बाथटब जिन म्हणजे मुळात काय होतं? कारखान्यातला स्पिरिट चोरून आणून घरी त्यात पाणी नि वास घालायचा. लोकांनी तो पिऊ नये म्हणून सरकारच्याच हुकमाने त्या स्पिरिटमध्ये विषारी मेथिल अल्कोहोल घातलेलं असायचं. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये माणसं पटापट मेली, आंधळी झाली, तेव्हा शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी उघडपणे सरकारला जबाबदार धरलं. मरणारे कोण? ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी १९२० च्या आधीच तळघरं भरून ठेवली होती, आणि कायदा पिण्याला बंदी करत नव्हताच, बंदी होती बनवण्या-विकण्या-वाहून नेण्याला, त्यामुळे त्यांचं पिणं कायदेशीर. मेला तो गरीब. मुंबईत मालाडच्या मालवणीला २०१५ मध्ये मेथिलच्या दारूने शंभरावर माणसं गेली, तिथे तर दारूबंदी नव्हतीच, तरी मेला तो गरीबच. ते आठवत असेल तर त्या लांब ग्लासाकडे बघून हसू येत नाही. मेनूवर नाव ठेवा हवं तर, पण खाली दोन ओळी लिहा. प्रिंटर म्युझियमचाच आहे ना?

आणि या विषाचा आणि जॅझचा संबंध शोधायला आम्हाला न्यूयॉर्कपर्यंत जायची पण गरज नाही. इथून दीड तासावर मिसिसिपीच्या काठी डॅव्हनपोर्ट आहे, बिक्स बायडरबेकचं गाव. जर्मन घरातला मुलगा, जन्म १९०३, नदीवरच्या आगबोटींवरचे बँड आणि ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून स्वतःच कॉर्नेट शिकला. त्याचा स्वर ऐका एकदा, तबकडीची खरखर बाजूला ठेवून. बहुतेक कॉर्नेटवाले त्या काळात स्वर फेकतात, हा ठेवतो, एक एक, घाई न करता. अख्खी कारकीर्द दारूबंदीच्या वर्षांत झाली आणि त्याच वर्षांतल्या दारूने त्याला पोखरलं, १९३१ मध्ये न्यूमोनियाने गेला तेव्हा वय होतं २८. दारूबंदी असूनही, की दारूबंदी होती म्हणून अशी दारू मिळाली म्हणून? हा प्रश्न एखाद्या म्युझियमने त्या संध्याकाळी विचारावा. त्याच्या दोन चाली वाजवाव्यात आणि मग विचारावा.

दुसरा आक्षेप गुंडांचा. हाही पोकळ नाही. जॅझचे मोठमोठे अड्डे गुंडांच्या पैशावर चालत होते हे सरळ मान्य करावं लागतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतला कॉटन क्लब ओनी मॅडन या गुंडाचा, ड्यूक एलिंग्टनचा बँड तिथे डिसेंबर १९२७ पासून होता, वाजवणारे सगळे काळे आणि ऐकणारे सगळे गोरे, काळ्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून आत प्रवेश नाही, आणि स्टेजची सजावट कापसाच्या मळ्यासारखी, म्हणजे ज्यांचे आजोबा गुलाम होते त्यांनी त्या मळ्याच्या देखाव्यासमोर उभं राहून गोऱ्यांची करमणूक करायची. शिकागोत पियानोवाला अर्ल हाइन्स १९२८ पासून ग्रँड टेरेस क्लबमध्ये वाजवायचा, त्यावर अल कपोन या गुंडाच्या टोळीचा हात. कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्टच्या राजकीय टोळीच्या आशीर्वादाने क्लब रात्रभर उघडे, तिथूनच काउंट बेसी पुढे आला. मग काय करायचं? हे संगीत घाणेरड्या पैशावर वाढलं म्हणून वाजवायचं नाही? दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी पैशावर शाहिरांची पोटं भरली, आणि त्या दरबाराने पुढे राज्याचं काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून होनाजी बाळाची लावणी आपण टाकून दिली का? नाही दिली. लावणी लावणीच्या जागी, बाजीराव बाजीरावाच्या जागी, आणि दोन्ही सांगायचे. गुंडाचं उदात्तीकरण होतं ते प्लास्टिकच्या बंदुकीने होतं, सॅक्सोफोनने नाही. उलट बँडने कॉटन क्लबमधली एक चाल वाजवली आणि सूत्रधाराने फक्त एवढंच सांगितलं की हे ज्या हॉलमध्ये वाजत होतं तिथे वाजवणाऱ्याच्या सख्ख्या भावाला टेबल मिळालं नसतं, तर त्या गुंडाचा जो काही रुबाब असेल तो तिथेच उतरेल.

'चिल करा' पार्टीला पण थोडं सुनावायला पाहिजे, नाहीतर ते म्हणतील सगळं आमच्या बाजूने चाललंय. त्यांचं लाडकं वाक्य असतं की दारूबंदीनेच तर जॅझ जन्माला घातला. साफ चूक. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ मध्ये, दारूबंदीच्या तीन वर्षं आधी, आणि संगीत त्याच्याही कितीतरी आधीचं, न्यू ऑर्लिन्सच्या वस्त्यांमधलं, मिरवणुकांमधलं, अंत्ययात्रांमधलं. (ती पहिली तबकडी निघाली गोऱ्यांच्या बँडची आणि त्यांचा म्होरक्या निक लारोका आयुष्यभर सांगत फिरला की जॅझ आम्ही शोधला, काळ्यांचा काही संबंध नाही. चिठ्ठी लिहा म्हणून मी का ओरडतेय ते यावरून कळेल.) ते शिकागोला आलं कारण दक्षिणेतला जाच आणि उपासमार सोडून लाखो काळी माणसं उत्तरेकडे कारखान्यांत कामाला आली, कॉर्नेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगला किंग ऑलिव्हरने १९२२ मध्ये बोलावून घेतलं ते त्याच लोंढ्याचा भाग म्हणून. दारूबंदीने जॅझ जन्माला घातला नाही, तिने त्याला बेकायदा धंद्याच्या दावणीला बांधलं. रोजी मिळाली पण मालक गुंड. आणि बंदी उठली तरी दारूच्या नावाने संगीतावर बसवलेले कायदे उठत नाहीत. न्यूयॉर्कने १९२६ मध्ये कॅबरे कायदा केला, परवान्याशिवाय गाणं-नाचणं बंद, त्याचा रोख हार्लेमच्या क्लबांवर होता असं पुष्कळ इतिहासकार मानतात, दारूबंदी गेली १९३३ मध्ये आणि हा कायदा गेला २०१७ मध्ये! मुंबईत २००५ मध्ये डान्स बार बंद केले तेव्हाही हाच खेळ होता, बार तसाच राहिला, दारू तशीच राहिली, नाचणारीचं पोट तेवढं गेलं.

आता जे या वादात कोणीच बोललं नाही ते. खोट्या धाडीत खोटे पोलीस येतात, गोंडस, ढेरपोटे, विनोदी. आमच्याच राज्यात, दक्षिण इलिनॉयच्या विल्यमसन काउंटीत, डिसेंबर १९२३ पासून दारूच्या धाडी कोणी घातल्या? कू क्लक्स क्लॅनने, म्हणजे काळ्यांचा, कॅथलिकांचा आणि बाहेरून आलेल्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेने. एस. ग्लेन यंग नावाचा माणूस शेकडो क्लॅनवाल्यांना घेऊन हेरिनच्या आसपास घराघरात घुसायचा, त्यात इटालियन खाणकामगारांची घरं किती तरी, ती माणसं कॅथलिक, बाहेरून आलेली, घरी जेवताना वाइन पिणारी. बायकापोरांसमोर दारं फोडली, सैन्य बोलवावं लागलं, १९२५ च्या जानेवारीत यंग स्वतः गोळीबारात मेला. दारूबंदी कोणाच्या दारात जाऊन कशी उभी राहिली याचं याच्यापेक्षा जवळचं उदाहरण आम्हाला मिळणार नाही, आणि आम्ही दाखवतो काय तर शिट्टीवाले जावई. तीच गोष्ट बँडची. इलिनॉयमधली कितीतरी छोटी गावं तेव्हा अशी होती की सूर्य मावळायच्या आत काळ्या माणसाने गाव सोडायचं. संध्याकाळी सातला सुरू होणारा जॅझ त्या गावात ज्यांचा होता त्यांनी वाजवलाच नसता, वाजवू दिलाच नसता. स्थानिक इतिहासाचं म्युझियम ना तुम्ही? मग त्या काळात आपल्या गावात बाहेरचा बँड कोणता आला, आला तर झोपला कुठे, हे शोधणं तुमचंच काम आहे. जुनी वर्तमानपत्रं तुमच्याच तळघरात पडलीयत.

तिसरा आक्षेप एका अभ्यासू गृहस्थांचा, आणि तो मला मनापासून आवडला. ते म्हणाले आजच्या माणसांनी वाजवलेला जॅझ म्हणजे नक्कल, म्युझियमने अस्सल तबकड्या लावाव्यात, १९२३ च्या, पुरावा तो. ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्या तबकड्या झाल्या कशा ते बघा. किंग ऑलिव्हरच्या बँडचं रेकॉर्डिंग एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंडला जेनेट कंपनीत झालं, मायक्रोफोन नव्हताच, एक मोठा भोंगा, त्याच्यासमोर अख्खा बँड. ढोल जोरात वाजला की सुई उडायची म्हणून बेबी डॉड्सचं नेहमीचं ड्रमचं सामान बाजूला, हातात लाकडी ठोकळे. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका मोठा की त्याला लांब कोपऱ्यात उभं केलं, असं पियानोवर असलेल्या लिल हार्डिननेच सांगून ठेवलंय. आणि वेळ? तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं, संपलं. शिकागोत लिंकन गार्डन्स या नाचाच्या हॉलमध्ये हाच बँड नाचणाऱ्यांसाठी एकेक चाल लांबवत न्यायचा, ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग दोघं कॉर्नेटवर एकमेकांना ऐन वेळी साथ देत जायचे, ते तबकडीवर जेमतेम चिमूटभर उतरलंय. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतोय त्यात ढोल नाही, लांबी नाही, नाचणारे नाहीत. लाइव्ह बँडमध्ये निदान ढोल तरी असतो. आमच्याकडचा ड्रमवाला, एरवी शाळेत गणित शिकवतो, त्याने पायाने मोठा ढोल मारला की लाकडी फ्लोअर हलतं आणि टेबलावरच्या ग्लासांमधलं पाणी थरथरतं, १९२३ ची तबकडी हे कधीच सांगू शकणार नाही. तबकडी पण लावा, जरूर लावा, आधी तबकडी आणि लगेच तीच चाल बँडकडून, लोकांना आपोआप कळेल काय गाळलं गेलं होतं.

यातून पुढचा प्रश्न येतो, तो जरा नाजूक आहे. आमचा बँड जवळजवळ सगळा गोरा आहे, निवृत्त मास्तर, दोन कॉलेजची पोरं. त्यांनी हे वाजवावं का? काही तरुण मंडळी म्हणतात नाही, ज्यांचं संगीत त्यांनाच बोलवा. बोलवायला हवंच, पैसे देऊन, नीट मानाने, शिकागोत १९६६ पर्यंत काळ्या आणि गोऱ्या वादकांच्या युनियनसुद्धा वेगळ्या होत्या, त्या हिशोबात काही देणं शिल्लक आहे. पण 'त्यांनीच' म्हटलं की गाडी अडते. लिंकन गार्डन्समध्ये ऑलिव्हरला ऐकायला शिकागोची गोरी शाळकरी पोरं येऊन बसायची, त्यातले कितीतरी पुढे चांगले वादक झाले. आणि आपलं काय? टेडी वेदरफोर्ड, दारूबंदीतल्या शिकागोचा काळा पियानोवाला, १९२६ मध्ये आशियात निघून आला, शांघायहून मुंबईच्या ताजमध्ये वाजवून गेला, १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. ताजमध्ये या लोकांच्या मांडीला मांडी लावून आपल्या गोव्याच्या पोरांनी जॅझ उचलला, हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्याला लोक मुंबईचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे. 'ज्यांचं त्यांनीच' हा नियम लावला तर चिक चॉकलेटच्या हातातला ट्रम्पेट काढून घ्यावा लागेल. तो काय नियम झाला? वाजवा, फक्त कोणाकडून शिकलात ते सांगा. लारोकाने नेमकं तेवढंच केलं नाही.

मंडळातल्या एका काकांनी लिहिलंय की हा अमेरिकनांचा इतिहास, आपण कशाला डोकं लावायचं. काका, मुंबईने हेच सगळं परत केलंय हो. १९४९ चा कायदा, १९५० पासून पूर्ण बंदी, मोरारजींचा काळ. अमेरिकेत डॉक्टर व्हिस्कीची चिठ्ठी लिहून द्यायचे, मुंबईत तब्येतीच्या कारणाने परमिट मिळायचं आणि त्यालाही डॉक्टरच लागायचा. तिकडे स्पीकईझी, इकडे आंटीचे अड्डे आणि हातभट्टी. फक्त संगीताच्या बाबतीत उलटं झालं, आणि मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत बंदीने बँड तळघरात नेले. मुंबईत हॉटेलं आणि क्लब कोरडे पडले, बँडची कामं कमी झाली, आणि गोव्याच्या वादकांचा सिनेमाच्या स्टुडिओकडे आधीच सुरू झालेला ओघ वाढला. चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांबरोबर, म्हणजे चितळकरांबरोबर काम करायला लागला, आणि १९५० च्या दशकातल्या गाण्यांमध्ये जो ट्रम्पेट-सॅक्सोफोन आपल्याला इतका घरचा वाटतो तो या मार्गाने आला, बहुतेक वेळा तबकडीवर वादकाचं नावसुद्धा नाही. चिठ्ठी नाही, परत तेच. तेव्हा काका, डोकं लावायला आपल्याला जरा जास्तच अधिकार आहे.

राहिला प्रश्न 'लोक कंटाळतील'चा. ट्रस्टींपैकी एकजण म्हणाले, माणसं तिकीट काढून मजा करायला येतात, त्यांना लेक्चर नको. बरोबर, मलाही नको. पण कोणी लेक्चर मागितलंय? बँडच्या म्होरक्याला माइक द्या आणि प्रत्येक चालीआधी अर्धा मिनिट बोलू द्या, कोणाची, कुठली, कुठे वाजायची. त्यांना सगळं तोंडपाठ असतं, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून गप्प आहेत. बँड स्वच्छतागृहाच्या वाटेवरून उचला आणि मधोमध बसवा, खुर्च्या त्यांच्याकडे वळवा. कुऱ्हाडवाली बाई नको, तिच्या जागी एखाद्या अभिनेत्रीला विलर्डबाई करायला सांगा आणि तिला बोलू द्या, पीत बसलेल्या लोकांसमोर ती काय बोलली असती ते ऐकायला मला स्वतःला आवडेल. खोटी धाड ठेवायची तर हेरिनची एक गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर काढा. आणि पिसांवर, फोटो बूथवर जो खर्च होतो त्यातला निम्मा बँडच्या मानधनात घाला, सध्या त्यांना प्रत्येकी जेवण आणि पेट्रोल मिळतं. एकेकाळी पियोरिया व्हिस्कीची राजधानी होती, १९१३ मध्ये इन्कम टॅक्स यायच्या आधी देशाच्या तिजोरीत येणाऱ्या पैशातला तीसेक टक्के दारूवरच्या करातून यायचा आणि त्यात आमच्या या पट्ट्याचा मोठा वाटा होता, एवढ्या पैशाच्या गावात आठ वादकांना धड मानधन द्यायला बजेट नाही हे काही मला खरं वाटत नाही. पुढच्या महिन्यात ट्रस्टींची उघडी मीटिंग आहे. मंडळातल्या दोन्ही पार्ट्यांनी ग्रुपवर भांडण्यापेक्षा तिथे यावं, बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात, एका तबकडीएवढी.